साखळी दुकानं आणि छोटा स्थानिक व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं मोठं दुकान येणार अशी कुणकुण लागली की दोन बाजू पडतात. एकीला रोजच्या सामानाचा खर्च कमी व्हायला हवा असतो, दुसरीला आपलं दुकान टिकवायचं असतं. आणि पुष्कळदा या दोन्ही बाजू एकाच घरात राहतात. खालचे प्रश्न दोन्हीकडून येणारे आहेत. आकडे अभ्यासांतले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

मोठं दुकान आणि साखळी दुकान यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिसचं बाँ मार्शे अवाढव्य होतं, पण ते एकच होतं. उलट अमेरिकेतल्या ए अँड पी या किराणा कंपनीची १९३० च्या सुमारास जवळपास १५,००० दुकानं होती आणि त्यांतली बहुतेक अगदी लहान होती. छोट्या दुकानदारांची झोप उडवली ती या दुसऱ्या प्रकाराने. साखळीचं बळ इमारतीच्या आकारात नसतं; सगळ्या दुकानांची खरेदी एकाच टेबलावर होते, तिथे ते असतं.

साखळ्यांना इतकं स्वस्त विकणं परवडतं कसं?

एक कारण वाहतूक आणि गोदाम. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स गावी पहिलं वॉलमार्ट उघडलं. पुढची दुकानं त्यांनी देशभर विखुरली नाहीत. गोदामापासून दिवसभराच्या ट्रकफेरीत येतील अशी, आधीच्या दुकानांना लागून ती वाढवत नेली. त्यामुळे मधला ठोक व्यापारी गळला आणि प्रत्येक नगामागचा वाहतूक खर्च उतरला. दुसरं कारण घासाघीस: एखाद्या कारखान्याचा निम्मा माल एकच गिऱ्हाईक उचलत असेल तर भाव कोण ठरवणार हे सांगायला नको.

तिसरं कारण बाहेरून दिसत नाही, म्हणून ते जरा सविस्तर. समजा, साखळीने साबणाची खेप ६० दिवसांच्या मुदतीवर उचलली आणि ती १५ दिवसांत विकली गेली. गिऱ्हाइकाने रोख दिलेला पैसा उरलेले ४५ दिवस साखळीच्या हातात खेळतो. एका साबणाचं सोडा, शेकडो दुकानांतल्या हजारो वस्तूंचं असंच चालतं. म्हणजे नवीन दुकान उघडायला लागणारं खेळतं भांडवल बऱ्याच अंशी पुरवठादारांनीच, बिनव्याजी, पुरवलेलं असतं. छोट्या दुकानदाराचं गणित नेमकं उलटं. ठोकवाल्याला रोख किंवा फार तर आठवड्याच्या मुदतीने द्यायचे, गिऱ्हाइकाला उधार द्यायचं आणि माल सावकाश खपतो म्हणून पैसा फळीवर अडकलेला. दोघांनी साबण एकाच भावाने घेतला तरी दोघांच्या हाती सारखं उरत नाही.

ही तीन कारणं एका पारड्यात टाकू नयेत असं मला वाटतं. पहिल्यात खर्च खरोखर वाचलेला असतो. तिसऱ्यात तो वाचत नाही, दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला असतो. दुसऱ्यात दोन्हींची भेसळ असते. अमेरिकेच्या १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने हाच फरक करायचा प्रयत्न केला. मोठ्या ऑर्डरीमुळे पुरवठादाराचा जेवढा खर्च खरंच वाचतो तेवढी सूट चालेल. निव्वळ दबावापोटी एकाला स्वस्त आणि त्याच्या स्पर्धकाला महाग देणं चालणार नाही. कायदा आजही आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली होती. कित्येक वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, तिथल्या व्यापार आयोगाने एका बड्या मद्य वितरकावर त्याखाली दावा लावला.

ग्राहकाचा खरंच फायदा होतो, की तो नुसता दिखावा?

होतो. हे मोकळेपणाने मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. मेक्सिकोत परदेशी सुपरमार्केटं आली तेव्हा काय झालं याचा डेव्हिड ॲटकिन, बेन फेबर आणि मार्को गोन्झालेझ-नवारो यांनी बारकाईने अभ्यास केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सरासरी घराचा फायदा त्याच्या उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्क्यांएवढा होता. त्याचं मुख्य कारण जगण्याचा खर्च उतरला हे. नव्या दुकानात माल स्वस्त होताच, शिवाय जुन्या दुकानांनीही भाव खाली आणले, म्हणजे तिकडे पाऊल न टाकणाऱ्यालाही थोडं सुटलं.

याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मात्र जाहिरातीत येत नाहीत. श्रीमंत घरांना फायदा जास्त झाला, गरिबांना कमी. आणि पारंपरिक दुकानांत काम करणाऱ्यांची कमाई घटली. फायदा लाखो घरांत पातळ पसरतो आणि तोटा थोड्यांवर जाड बसतो. म्हणून सरासरी काढणारा आणि दुकान मिटवणारा, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

आधी भाव पाडून सगळ्यांना संपवायचं आणि मग चढवायचे, असं करतात ना?

ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि या स्वरूपात ती मला थोडी फुगवलेली वाटते. स्टेफानो डेलाविन्या आणि मॅथ्यू जेन्ट्झको यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या किराणा, औषधं आणि सर्वसाधारण मालाच्या साखळ्यांचे भाव तपासले. बहुतेक साखळ्या आपल्या सगळ्या शाखांत जवळपास एकच भाव लावतात असं त्यांना आढळलं. एका गावात स्पर्धक उरला नाही म्हणून फक्त तिथला भाव चढवण्याच्या भानगडीत त्या सहसा पडत नाहीत.

खरेदीच्याही खाली भाव नेण्याचे प्रकार मात्र घडतात. सप्टेंबर २००० मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने वॉलमार्ट, आल्दी आणि लिडल या तीन साखळ्यांना काही रोजच्या वस्तू खरेदीखर्चापेक्षा कमी भावाने विकणं थांबवायला लावलं. अशा वेळी भांडवल ज्याचं खोल तो तगतो. छोटा दुकानदार सहा महिने तोट्यात काढू शकत नाही, साखळी एका शाखेचा तोटा इतर शाखांच्या नफ्यात जिरवते.

कुठल्या दुकानांना आधी फटका बसतो?

जी तोच माल, तशाच पद्धतीने विकतात त्यांना. आयोवा राज्य विद्यापीठातले केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉलमार्ट आलेल्या छोट्या गावांच्या विक्रीचे आकडे वर्षानुवर्षं तपासले. ज्या गावात दुकान आलं तिथली एकूण विक्री वाढली, कारण आसपासची माणसं तिथे येऊ लागली. खाणावळी, फर्निचर आणि साखळीत न मिळणाऱ्या वस्तूंची दुकानं यांचा धंदा सुधारला. कपडे, लोखंडी सामान, किराणा हे विकणारे मागे पडले.

खरा मार बसला शेजारच्या गावांना. तिथे नवं दुकान आलं नाही, रोजगार आला नाही, कर आला नाही. फक्त गिऱ्हाईक गेलं. परवानगीच्या बैठकीत या गावांचं कोणीच नसतं, कारण बैठक त्यांच्या हद्दीत होत नाही.

अर्थतज्ज्ञ पानले जिया यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या छोट्या सवलत-दुकानांच्या संख्येत जो निव्वळ फरक पडला, त्यातला ४० ते ५० टक्के वॉलमार्टच्या विस्तारामुळे होता. उरलेल्या निम्म्यामागे दुसरी कारणं होती. प्रत्येक बंद शटरचं खापर साखळीवर फोडता येत नाही.

नोकऱ्या वाढतात की घटतात?

तज्ज्ञांचंच एकमत नाही. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासात, वॉलमार्ट येतं त्या वर्षी तालुक्याएवढ्या भागात, ज्याला तिकडे काउंटी म्हणतात, किरकोळ विक्रीतले सुमारे १०० रोजगार वाढलेले दिसले. पुढच्या पाच वर्षांत इतर दुकानं आटल्याने त्यातले निम्मे गेले, आणि ठोक व्यापारातले आणखी सुमारे २० गेले. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये उलटं चित्र दिसलं: वॉलमार्टचा एक कर्मचारी साधारण १.४ कर्मचाऱ्यांची जागा घेतो आणि काउंटीतले किरकोळ विक्रीचे सुमारे १५० रोजगार घटतात.

एवढा फरक का? साखळी कुठेही चिठ्ठी टाकून दुकान उघडत नाही, वाढत्या वस्तीची जागा हेरून उघडते. त्या जागी रोजगार वाढला तर तो दुकानामुळे की मुळात वस्ती वाढत होती म्हणून, हे सोडवण्याच्या दोघांच्या रीती वेगळ्या आहेत.

या वादात एक गोष्ट निसटते. असे आकडे बहुधा पगारी नोकरांचे असतात. स्वतःच्या गल्ल्यावर बसणारा मालक, त्याची बायको, सुट्टीत हात लावणारी मुलं यांचा पगारपत्रकात पत्ताच नसतो. त्यांचं दुकान मिटलं तर कागदावर नोकरी गेलेली दिसत नाही. आणि मालक म्हणून उभं राहणारा माणूस पाळीप्रमाणे काम करू लागला तर आकडा तोच राहतो, जगणं तेच राहत नाही.

पैसा गावाबाहेर जातो, यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण सांगितला जाणारा आकडा जपून वापरावा. २००४ मध्ये शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात झालेल्या पाहणीत असं निघालं की स्थानिक दुकानात खर्च झालेल्या दर १०० डॉलरमागे ६८ डॉलर त्या शहरात फिरत राहतात, साखळीत ४३. आकडा जगभर फिरला. त्या पाहणीत स्थानिक धंदे जेमतेम १० होते आणि ती तिथल्याच व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने झाली होती, हे सोबत फिरलं नाही.

दिशा मात्र खरी आहे. स्वतंत्र दुकानाचा हिशेबनीस, वकील, पाटी रंगवणारा, पावतीपुस्तकं छापणारा, विम्याचा एजंट हे सगळे जवळपासचे असतात. साखळीची ही कामं मुख्यालयात एकदाच होतात. तिच्या कार्यक्षमतेचा एक भाग हाच आहे, त्यामुळे एक हवं आणि दुसरं नको असं म्हणता येत नाही.

साखळीला माल पुरवणाऱ्या छोट्या उत्पादकाची तरी चांदी होते का?

पहिली ऑर्डर मिळते तेव्हा तसंच वाटतं. मग हळूहळू खर्च कळतो: फळीवर जागा मिळवायचं शुल्क, योजनांतला वाटा, न खपलेल्या मालाची परतफेड, उशिरा पोचल्याचा दंड. एका गिऱ्हाइकावर कारखाना वाढवला की नाही म्हणायची सोय राहत नाही.

ब्रिटनमध्ये यासाठी २०१३ पासून किराणा व्यवहारांवर देखरेख करणारा स्वतंत्र निवाडा अधिकारी आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या कार्यालयाने ठपका ठेवला की टेस्को या तिथल्या सुपरमार्केट साखळीने स्वतःची आर्थिक स्थिती बरी दिसावी म्हणून पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने नाशवंत शेतमालाचे पैसे ३० दिवसांत देणं बंधनकारक केलं आणि ऐन वेळी ऑर्डर रद्द करण्यालाही चाप लावला. वर साबणाचं जे उदाहरण दिलं, त्यातल्या मुदतीवरच हा नेम आहे. छोट्या व्यापारासाठी झालेल्या कायद्यांत मला हे सगळ्यात कामाचे वाटतात, कारण ते दुकान रोखत नाहीत, व्यवहार सरळ करतात.

दुकान आलं, बाकीचे मिटले, आणि मग तेही निघून गेलं तर?

असं घडलं आहे. नॉर्थ कॅरोलायनामधलं ओरिएंटल हे किनाऱ्यावरचं सुमारे ९०० वस्तीचं गाव. २०१४ मध्ये तिथे वॉलमार्टचं छोट्या आकाराचं एक्स्प्रेस दुकान आलं. गावातलं कित्येक दशकांचं किराणा दुकान पुढच्या वर्षी मिटलं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकानं बंद करायचं जाहीर केलं, त्यात अशी सगळी १०२ एक्स्प्रेस दुकानं होती. ओरिएंटलला त्या घडीला किराणा घ्यायला गावात जागाच उरली नाही. गावाने काही वावगं केलं नव्हतं. विक्रीही तिथे फार वाईट असायची गरज नव्हती, कारण निर्णय दुकानाचा नव्हता, त्या आकाराच्या सगळ्याच दुकानांचा होता.

यात भर पडते ती जागेच्या करारांची. काही साखळ्या जागा सोडताना खरेदीखतात किंवा भाडेकरारात अट घालतात की इथे पुन्हा किराणा दुकान उघडायचं नाही. ब्रिटनने सुपरमार्केटांच्या अशा करारांवर २०१० मध्ये मर्यादा आणल्या. तरी टेस्कोने त्या २३ वेळा मोडल्याचं तिथल्या नियामकाने २०२० मध्ये सांगितलं.

लोकांमधल्या संबंधांवर परिणाम होतो का?

स्टीफन गोएट्झ आणि अनिल रुपसिंघा यांनी २००६ मध्ये दाखवलं की वॉलमार्ट असलेल्या काउंट्यांत संस्था-मंडळं, मतदान अशा मापांनी मोजलेलं सामाजिक भांडवल कमी वाढलं. कार्यकारणभाव सिद्ध करणं इथे अवघड आहे, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. एवढं खरं की स्थानिक मंडळाच्या वर्गणीसाठी दुकानदाराकडे जाता येतं आणि तो तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणतो. शाखेच्या व्यवस्थापकाला वर विचारावं लागतं.

मग कायद्याने सरळ बंदी का घालत नाहीत?

घालून पाहिली आहे, आणि निकाल बंदीवाल्यांना आवडणारे नाहीत. फ्रान्सने १९७३ च्या रोयेर कायद्याने मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची मंजुरी सक्तीची केली. मारियान बर्ट्रांड आणि फ्रान्सिस क्रामार्झ यांनी २००२ मध्ये दाखवलं की त्यामुळे किरकोळ क्षेत्रात नवे रोजगार कमी निर्माण झाले. आधीपासून बसलेल्या साखळ्यांना मात्र नव्या स्पर्धेपासून आयतं संरक्षण मिळालं.

जपानचा मोठ्या दुकानांचा कायदा १९७४ पासून लागू झाला. तिथे आसपासच्या दुकानदारांची संमती मिळवताना वर्षंच्या वर्षं जात. अमेरिकेने व्यापारी दबाव आणला, नियम सैल होत गेले आणि २००० मध्ये तो कायदा रद्द झाला.

सगळ्यात विचार करायला लावणारं उदाहरण ब्रिटनचं. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यात शहराबाहेरच्या अवाढव्य दुकानांवर निर्बंध आले. राफाएला सादून यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार साखळ्यांनी मग छोट्या आकाराची दुकानं काढली, तीही भर पेठेत, स्वतंत्र दुकानांच्या शेजारी. आधी गिऱ्हाईक महिन्यातून एकदा गाडी काढून शहराबाहेर जात होतं. आता साखळी त्याच्या वाटेवरच येऊन बसली. स्वतंत्र दुकानं आणखी वेगाने घटली. आकारावर बंदी घातली, पण बळ खरेदीत होतं.

साखळ्या कधी हरतात का?

हरतात. वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत शिरलं आणि २००६ मध्ये आपली ८५ दुकानं मेट्रो कंपनीला विकून बाहेर पडलं. त्याच वर्षी ते दक्षिण कोरियातूनही निघालं. जर्मनीत स्वस्ताईत त्याला मागे टाकणारे आल्दी आणि लिडल आधीच होते. म्हणजे हरवलं ते बहुतेक दुसऱ्या साखळ्यांनीच. छोट्यांनी यात लगेच समाधान मानू नये.

छोट्या दुकानदाराने करावं तरी काय?

भावात टक्कर घेऊ नये, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. स्टोन यांचे आकडेही तेच सांगतात: साखळी जे ठेवत नाही ते ठेवा, जे दुरुस्त करत नाही ते दुरुस्त करा. एकट्याने यापुढे फार जाता येत नाही. खरेदी एकत्र केली तर जाता येतं.

जर्मनीतली सर्वांत मोठी किराणा व्यवस्था आल्दी नाही की लिडल नाही, ती एडेका आहे. तिचं मूळ १८९८ मध्ये बर्लिनच्या दुकानदारांनी काढलेल्या खरेदी सहकारी संस्थेत आहे, आणि आजही तिची बरीचशी दुकानं स्वतंत्र व्यापारी चालवतात. फ्रान्समध्ये १९४९ मध्ये ब्रिटनी प्रांतातून सुरू झालेली लक्लेर ही स्वतंत्र मालकांची संघटना आहे. पाटी एक, खरेदी एक, मालक वेगवेगळे. नेदरलँड्समध्ये १९३२ मध्ये निघालेल्या स्पारने ठोक व्यापारी आणि सुटे दुकानदार यांना एका नावाखाली बांधलं. अमेरिकेत लोखंडी सामानाचे हजारो दुकानदार एस हार्डवेअर या सहकारी संस्थेचे मालक आहेत.

यात फुकट काही मिळत नाही. एकत्र खरेदी करायची तर माल कोणता ठेवायचा याचं स्वातंत्र्य थोडं सोडावं लागतं, शेजारच्या स्पर्धकाला हिशेब दाखवावे लागतात, उधारी वेळेत चुकती करावी लागते. बहुतेक असे प्रयत्न भांडवलाअभावी नाही, एकमेकांवरच्या अविश्वासापायी मोडतात, असं माझं मत आहे. आणि जमल्यावरही एक धोका राहतो: संस्था पुरेशी मोठी झाली की पुरवठादाराशी तीही साखळीसारखीच वागू लागते.

ऑनलाइन खरेदी आल्यावर हा सगळा वाद शिळा झाला नाही का?

नाही, त्याला नवी बाजू फुटली. साखळी आपलाच माल विकते. ऑनलाइन बाजारपेठ छोट्या विक्रेत्याला जागा देते आणि त्याच्याशी स्पर्धाही करते, शिवाय त्याची विक्री तिला दिसत असते. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने युरोपीय आयोगाला लेखी कबूल केलं की इतर विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही.

परवानगी देण्याआधी स्थानिक संस्थेने काय विचारून घ्यावं?

दुकान उघडल्यावर मागण्या करण्यात अर्थ नसतो. जोर असतो तो सही होण्याआधी. जागा सोडली तर तिथे दुसऱ्या दुकानदाराला येऊ द्यायची की नाही, हे करारात लिहून घ्यावं. करसवलत दिली तर किती वर्षांची, आणि आधीच गाशा गुंडाळला तर ती परत मिळणार का, हेही. रस्ता रुंदीकरण, सांडपाणी, वाहनतळ यांचा खर्च कोणाच्या नावे, हे मोघम ठेवू नये. शेजारच्या गावांनाही बैठकीला बोलवावं.

मालमत्ता कराचं मूल्यांकन कसं होणार हे आधीच ठरवून ठेवावं. अमेरिकेत अनेक साखळ्यांनी चालू दुकानाची किंमत बंद पडलेल्या रिकाम्या इमारतीएवढी धरावी असा दावा करून कर कमी करून घेतला आहे, आणि काही राज्यांत तो मान्यही झाला. रिकाम्या सांगाड्याची सोय काय, हाही त्याच बैठकीतला प्रश्न. तिकडच्या काही नगरपालिका इमारत पाडण्याच्या खर्चाची अनामत दुकान बांधायच्या आधीच भरून घेतात.